पाळक, पाळीव आणि प्रेत : इंग्रजी विनोदी रहस्यकथा मराठीत आणताना

इंग्लंडमधलं एक लहान गाव. व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचा पाळक, धर्मगुरू, सकाळचं टपाल उघडतो आणि एका पाकिटातून चिठ्ठी निघते : त्या रात्री मी कबरस्तानात होतो. इंग्रजीत हे वाक्य लिहिणारा पुरुष आहे की बाई, हे कळायला काहीच मार्ग नसतो, आणि पुढची दोनशे पानं त्या न कळण्यावरच उभी असतात. मराठीत 'होतो' लिहिलं की गावातल्या सगळ्या बायका संशयातून सुटल्या. 'होते' लिहिलं की सगळे पुरुष सुटले. एका मात्रेत कादंबरी संपली.

पाळक, त्याचे पाळीव प्राणी आणि एक प्रेत एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या विनोदी रहस्यकथांचा इंग्रजीत चांगला मोठा गोतावळा आहे. सुझेट हिल यांच्या मालिकेत १९५०च्या दशकातल्या सरे परगण्यातला फ्रान्सिस नावाचा व्हिकर स्वतःच खून करून बसतो, आणि ती गोष्ट तो, त्याचा बोका मॉरिस आणि कुत्रा बाउन्सर असे तिघं आळीपाळीने सांगतात. रिचर्ड कोल्स स्वतः व्हिकर होते. २०२२ साली सुरू झालेल्या त्यांच्या मालिकेत कॅनन हा मानाचा किताब असलेला पाळक डॅनिएल क्लेमंट आहे, त्याची फटकळ आई आहे, कॉस्मो आणि हिल्डा हे दोन डॅक्सहुंड कुत्रे आहेत, आणि १९८८ सालच्या त्या गावातलं पहिलं भांडण चर्चमध्ये शौचालय बांधावं की नाही यावरून पेटतं. जेम्स रन्सी यांच्या सिडनी चेंबर्स या पाळकाकडे डिकन्स नावाचा लॅब्रडॉर आहे. तो सूर काहीसा गंभीर, पण घराणं तेच.

ही पुस्तकं मराठीत यावीत असं मला फार मनापासून वाटतं. ती सोपी दिसतात म्हणून कोणीही हातात घेतं आणि तिसऱ्या प्रकरणात अडकतं. अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या कुठे आहेत आणि तिथून कसं निघायचं, ते कामाच्या क्रमाने सांगतो.

आधी हक्क

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क टिकतात, आणि अनुवादाचा हक्क त्यातच येतो. वरच्या तिन्ही मालिकांना त्यामुळे परवानगी लागेल. ती मूळ प्रकाशकाच्या हक्क विभागाकडे किंवा लेखकाच्या एजंटकडे मागायची. पत्रात मराठीचे हक्क हवेत हे, छापील, ई-बुक की ऑडिओ हे, आवृत्ती किती प्रतींची आणि इथला प्रकाशक कोण हे स्पष्ट लिहावं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. आधी दहा-बारा पानांचा नमुना करून मराठी प्रकाशक गाठावा आणि पत्र त्याच्यामार्फत जावं.

सरावाला परवानगी नको असलेला मजकूर घ्या. जी. के. चेस्टरटन १९३६ साली वारले, म्हणजे फादर ब्राऊन या रहस्यं उकलणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूच्या त्यांच्या कथा केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. त्यातली 'द ऑरॅकल ऑफ द डॉग' ही १९२६च्या संग्रहातली कथा या कामासाठी जणू मुद्दाम लिहिली आहे. कुत्रा फादर ब्राऊनचा नाही, पण कुत्र्याच्या वागण्यातून माणसं कसा भलताच अर्थ काढतात, यावरच ती फिरते. कथेच्या सुरुवातीलाच फादर ब्राऊन म्हणतो की कुत्रा मला आवडतो, फक्त त्याची अक्षरं उलटी लिहू नयेत. इंग्रजीतला डॉग उलटा केला की गॉड होतो. अनेकजण इथे हात टेकतात आणि तळटीप देतात. विनोदाला तळटीप दिली की तो मेला. मराठी वाचकाला दोन्ही शब्द ठाऊक आहेत आणि उच्चारही चक्क उलटा होतो, म्हणून शब्द तसेच ठेवावेत : "डॉग मला आवडतोच, त्याला उलटा करून गॉड करू नये म्हणजे झालं."

मग शेवटचं प्रकरण

वाचक म्हणून पुस्तक एकदा सरळ वाचा. अनुवादक म्हणून दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या प्रकरणापासून मागे या. एक वही करा. खुनी कोण, नातं काय, वारसा कोणाकडे जातो, प्रत्येक गोष्ट वाचकाला कितव्या पानावर कळते, आणि त्याआधी तिचा माग कुठे कुठे पेरला आहे, हे सगळं त्या वहीत हवं. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथाकारही होते. १९२९ साली त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोर ठेवलाच पाहिजे. हा नियम अनुवादकालाही लागू आहे. 'काही विशेष नाही' म्हणून गाळलेलं अर्धं वाक्य नेमका धागा निघतं. कुत्र्याने दुसऱ्या प्रकरणात पायमोज्यावर जीव टाकला असेल, तर तो पायमोजा राहिलाच पाहिजे, आणि तो डाव्या पायाचा असेल तर डाव्याच पायाचा.

हिल यांच्या मालिकेसारखं पुस्तक असेल तर वही वेगळी होते. तिथे खुनी कोण हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, गुपित ठेवायचं ते गावातल्या लोकांपासून. म्हणजे कोणत्या पात्राला कधी काय माहीत आहे, हे लिहून ठेवा. आणि त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती, हे विसरू नका. शेवटच्या फाशी १९६४ साली झाल्या. व्हिकरच्या घाबरण्यावर आपण हसतो तेव्हा खाली खरा दोर आहे, आणि ती भीती मराठीत पातळ केली तर विनोदही पातळ होतो.

मराठीला गप्प बसवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपली भाषा बोलकी आहे. ती बोलणाऱ्याचं लिंग सांगते, ज्याच्याशी बोलतो त्याचा मान सांगते, नातं आईकडचं की बापाकडचं ते सांगते. रहस्यकथेला नेमकं हेच लपवायचं असतं. सुदैवाने मराठीत लपायच्या जागाही आहेत, त्या हाताशी ठेवायच्या.

पहिली जागा 'ने'ची. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की ते कर्माप्रमाणे चालतं आणि कर्ता लपतो. 'मी गेलो' म्हटलं की उघडं पडतं, 'मी दार उघडलं' म्हटलं की काही कळत नाही. 'डॉक्टर म्हणाले' यात पुरुष आला. 'डॉक्टरांनी सांगितलं' यात कोणीही असू शकतं. म्हणणे, बोलणे, येणे, जाणे या क्रियापदांऐवजी सांगणे, विचारणे, गाठणे, सोडणे असे पर्याय शोधा. दुसरी जागा 'मला'ची : मला माहीत आहे, मला दिसलं, मला ऐकू आलं. तिसरी नपुंसकलिंगाची. 'कोणीतरी आलं', 'कोणी पळत गेलं' हे आपण रोज बोलतो, आणि रहस्यकथेसाठी याहून चांगला प्रयोग जगातल्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. चौथी जागा वर्तमानकाळातल्या आदरार्थी रूपाची : 'सेक्रेटरी रोज सातला येतात.'

आता सुरुवातीची चिठ्ठी पुन्हा घ्या. 'तू काय केलंस ते मी पाहिलं' असं लिहिलं तर लिहिणाऱ्याचं लिंग लपलं, पण 'तू' आला. एवढी जवळीक कोणाची? 'तुम्ही' लिहिलं तर जवळचे सगळे सुटले. चिठ्ठी अशी हवी : 'त्या रात्री कबरस्तानात काय झालं ते मला माहीत आहे. शंभर पौंड.' यात ना मी कोण ते कळतं, ना तू कोण. शिवाय ती इंग्रजीपेक्षाही थंड वाटते.

नात्यांचं गणित याहून अवघड. इंग्रजीतली 'आंट' ही आत्या, मावशी, काकू, मामी यांपैकी कोणीही असू शकते, आणि या पुस्तकांत म्हातारी श्रीमंत आंट मेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तुम्ही तिला तिसऱ्या पानावर 'आत्या' केलंत आणि विसाव्या प्रकरणात घर आईकडचं निघालं, तर पुस्तक मोडलं. वहीत आधी वंशावळ काढा. नात्याचा उलगडा उशिरा होत असेल तर 'आंट ईडिथ' अशीच ठेवा. 'कझिन' तर आता मराठीच झाला आहे. उलगड्याशी संबंध नसेल तिथे मात्र खुशाल मावशी म्हणा, पुस्तक घरचं वाटायला लागतं.

तू आणि तुम्ही यांचा एक तक्ता वेगळा ठेवा : कोण कोणाला काय म्हणतं आणि कोणत्या प्रसंगानंतर ते बदलतं. इन्स्पेक्टरने व्हिकरला 'तुम्ही' म्हणता म्हणता संशय वाढल्यावर 'आपण' म्हणायला सुरुवात केली, तर इंग्रजीत नसलेला धाक आपोआप येतो. अशी भर घालायला माझी हरकत नाही, मात्र ती लेखकाने त्या जागी दाखवलेल्या संशयाच्या मापाची हवी.

फादर म्हणू नका

मराठी वाचक 'फादर' वाचतो आणि वसईचे, गोव्याचे कॅथलिक धर्मगुरू डोळ्यांसमोर आणतो, म्हणजे अविवाहित. इंग्लंडच्या चर्चचा व्हिकर लग्न करू शकतो. तो चाळिशीचा, सडा आणि बरा दिसणारा असला की गावातल्या विधवा केक घेऊन दारात उभ्या राहतात, आणि निम्मा विनोद तिथून येतो. 'फादर' लिहिलंत की त्या केकना अर्थच उरत नाही. कथनात 'व्हिकर' ठेवावा आणि हाक मारताना 'पाळकसाहेब' म्हणावं. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळींत हाच शब्द चालतो.

शब्द शोधायला कोशाआधी मराठी ख्रिस्ती माणसांकडे जा. उपासना, मंडळी, उपदेश, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, दशमांश हे शब्द दीडदोनशे वर्षं वापरून गुळगुळीत झालेले आहेत. व्हिकर विनोद करतो तो बायबलच्या आधारे, त्यामुळे मराठी बायबल शेजारी उघडं हवं. उधळ्या पुत्राचा दृष्टांत, हरवलेलं मेंढरू हे शब्द जसेच्या तसे आले पाहिजेत, तरच ओळखीचं हसू येतं. धर्मगुरूच्या घरातला विनोद मराठीत कसा बोलतो हे पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. रेव्हरंड टिळकांचा संसार त्यांनी ज्या सरळ, घरगुती मराठीत सांगितला आहे, त्या मराठीत व्हिकरची आई सहज बोलू शकेल. आणि ख्रिस्ती कल्पनांना मराठी शब्द शोधण्याचा हा प्रश्न जुनाच आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' मराठीत आणलं तेव्हा स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं.

बाकीच्या पदांवर फार अडू नका. व्हिकरच्या हाताखालचा क्युरेट म्हणजे सहायक पाळक. चर्चवॉर्डन हे मंडळीने निवडलेले कारभारी, त्यांना 'कारभारी' म्हटलं तर त्यांचा रुबाब बरोबर उतरतो. व्हर्जर म्हणजे उपासनेची व्यवस्था पाहणारा, सेक्स्टन म्हणजे कबरी खणणारा आणि घंटा वाजवणारा. इव्हनसाँगला 'सायंउपासना' म्हणा. मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर तसाच राहू द्या, मुंबईत एके काळी कॉरोनरचं न्यायालय होतं. गावच्या फेटला जत्रा म्हणू नका, जत्रेला देव लागतो आणि पाळणे लागतात. 'चर्चच्या मदतीची विक्री' पुरे. पैसे रुपयांत बदलू नका. १९७१ आधीच्या पुस्तकात वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग असतो.

नावांचे उच्चार मात्र तपासाच. इंग्लंडची नावं लिहिली जातात तशी बोलत नाहीत : वूस्टर, लेस्टर, नॉरिच. चमली हे आडनाव कागदावर चोल्मोंडले दिसतं, आणि माणसाचं नाव असलेला सेंट जॉन बोलताना 'सिंजन' होतो. हे चुकलं की संत गोष्टीत शिरतो.

आणि एक बक्षीस. पाळकांच्या गळ्यातल्या पांढऱ्या कॉलरला इंग्रजीत कुत्र्याचा पट्टाच म्हणतात, आणि या पुस्तकांत त्यावर कोटी येणारच. मराठीत 'गळपट्टा' म्हणा. कुत्र्याच्याही गळ्यात पट्टा, मालकाच्याही. पाळक आणि पाळीव या जोडीचंही तसंच. ही कोटी इंग्रजीत करताच येत नाही, म्हणून जिथे त्यांची एखादी कोटी तुमच्या हातून निसटली असेल, त्याच पानावर ही वापरून हिशेब पुरा करा.

बोका आणि कुत्रा

प्राणी स्वतः गोष्ट सांगत असतील तर दोघांचे आवाज पहिल्या ओळीत वेगळे झाले पाहिजेत. आपल्याकडची जुनी सवय अशी की बोक्याला पुणेरी करायचं आणि कुत्र्याला वऱ्हाडी किंवा मालवणी बोली द्यायची. माझा याला ठाम विरोध आहे. एक तर सरे परगण्यातलं गाव तिथून उचकटून इकडे येतं. दुसरं, बोली बोलणारा माणूस म्हणजे भोळा, कमी अकलेचा, हा अपमान आपण पुन्हा छापतो. फरक वाक्यरचनेत आणा.

एकच प्रसंग दोन तोंडांनी लिहून पाहा. बोका सांगेल : "पाहुण्या बाईंनी आसन ग्रहण केलं ते नेमकं माझ्या खुर्चीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना बोध व्हावा इतका वेळ पाहिलं. परंतु बोध होणं हा बाईंचा स्वभाव नसावा." कुत्रा सांगेल : "बाई आली. बाईला वास मटणाचा. पिशवीत? नाही. बुटाला. बुटाला माती, मातीला मटण. मटण नाही. दुसरंच काहीतरी." बोका ग्रंथातली मराठी बोलतो, त्याची वाक्यं पुरी असतात. कुत्र्याला क्रियापदासाठी थांबायला वेळ नसतो. आणि बघा, खुनाचा धागा कुत्र्याच्या तोंडून गेला, त्याला स्वतःला पत्ताही नाही.

मराठी इथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. इंग्रजीत दोघंही मालकाला एकाच सर्वनामाने संबोधतात. आपण आईला आणि देवाला एकेरीत हाक मारतो. म्हणून कुत्र्याने व्हिकरला 'तो' म्हणावं आणि बोक्याने 'ते'. कुत्र्याचं प्रेम आणि बोक्याचं अंतर, दोन्ही एका अक्षरात बसतं. तसंच माणसांचं. ज्याला प्राणी आवडतात तो 'हा कुत्रा कुठे गेला' विचारेल, नावडतात तो 'ते कुत्रं बाहेर काढा' म्हणेल. इंग्रजी लेखकही सर्वनाम बदलून हे सुचवतात, तिथे लक्ष ठेवा, कारण प्राण्याशी वाईट वागणारा या पुस्तकांत बहुधा निष्पाप नसतो.

आवाजांत एक मोठा खड्डा आहे. मांजर खूश होऊन करतं ते गुरगुर, आणि कुत्रा दात दाखवून करतो तेही गुरगुरणंच. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन उलटे धागे. अनोळखी माणसाच्या मांडीवर बोका आनंदाने गुरगुरला, म्हणजे ते दोघं पूर्वी भेटलेले आहेत. वाचकाने त्याचा राग समजून घेतला तर धागा उलटा पडला. बोक्यासाठी 'घुरघुर' ठरवून टाका आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मांजर नपुंसक, बोका पुल्लिंगी, मादी असेल तर मांजरी किंवा भाटी, हेही पहिल्या पानाआधी ठरवा.

इंद्रियांचं भान ठेवा. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतात, लाल आणि हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. मूळ लेखकाने कुत्र्याच्या तोंडी लाल हा शब्द टाळला असेल, तर तुम्ही ओघात 'लाल डाग' लिहू नका. मांजराला गोड चव लागत नाही. सांडलेल्या गोड वाइनकडे बोक्याने पाठ फिरवली, तर ते त्याचं आभिजात्य असेलच असं नाही.

म्हणी

इंग्रजीत कुत्र्यामांजरांचे वाक्प्रचार पोत्याने आहेत, आणि कथक बोका असला की प्रत्येक वाक्प्रचार त्याला स्वतःवर घेता येतो. शब्दशः आणू नका. कुत्र्यामांजरांचा पाऊस मराठीत पडत नाही. ज्या जागी बोका इंग्रजी म्हणीवर चिडतो, तिथे त्याला मराठी म्हणीवर चिडू द्या : मांजर डोळे मिटून दूध पितं, मांजराच्या गळ्यात घंटा, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. शेवटची म्हण बोक्याने आनंदाने उद्धृत केली तर कुत्रा दोन पानं रुसेल.

आडव्या जाणाऱ्या काळ्या मांजराशी सांभाळून. इंग्लंडमध्ये काळं मांजर बहुधा शुभ मानतात. मूळ पुस्तकात म्हातारी काळ्या बोक्याला पाहून खूश झाली, तर मराठी वाचक गोंधळतो. 'आज शकुन चांगला झाला' असं तिच्याच तोंडी एक वाक्य घाला.

कमी बोलण्याचा विनोद मात्र आपल्याला परका नाही. प्रेत सापडल्यावर व्हिकर किंचाळत नाही, त्याची पंचाईत होते. "जरा अडचणच झाली म्हणायची." यापुढे उद्गारचिन्ह नको. पूर्ण पुस्तकात उद्गारचिन्हं मोजा आणि निम्मी काढा.

दोन परीक्षा

पहिली : बोक्याची आणि कुत्र्याची प्रकरणं मथळे काढून कोणाला तरी वाचून दाखवा. तिसऱ्या वाक्यापर्यंत कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याने सांगितलं पाहिजे. दुसरी : मूळ पुस्तक न वाचलेला एक वाचक धरा आणि दर तीन प्रकरणांनंतर त्याला फक्त एवढंच विचारा की संशय कोणावर आहे आणि का. 'का'चं उत्तर महत्त्वाचं. तो म्हणाला, "कारण तिथे तुम्ही 'आल्या' लिहिलंय," तर त्या पानावर परत जा. तो म्हणाला, "कारण कुत्रा तिच्याकडे गेला नाही," तर काम बरोबर चाललं आहे.

सगळं झाल्यावर मलपृष्ठाचा मजकूर आणि सुरुवातीचा पात्रपरिचय स्वतः लिहून प्रकाशकाकडे द्या. ते बहुतेक वेळा पुस्तक घाईत चाळलेलं कोणीतरी लिहितं, आणि तुम्ही तीनशे पानं जपलेली 'आंट ईडिथ' तिथे पहिल्याच ओळीत 'व्हिकरची सख्खी मावशी' होऊन बसते.